गुरुवार, रात्री नऊ

मार्लिसने टीव्ही फेकला नाही.
तसलं नाट्य आमच्या घरात होत नाही.
कपाटातून एक विणलेला रुमाल काढला, बदामी,
आणि पडद्यावर टाकला,
रात्री पिंजऱ्यावर टाकतात तसा.
हवामानापुरता तो वर करायचा, असं ठरलं.
साउथ डकोटात हिमवादळ विचारून येत नाही.

पाळकांनी काही सांगितलं नव्हतं.
ते स्वतः सोमवारी कुस्त्या बघतात, गावाला ठाऊक आहे.
झालं ते एवढंच,
फेब्रुवारीतल्या एका गुरुवारी ती दानाच्या पाकिटावर
पेन्सिलीने रेघा ओढत बसली होती.
म्हटलं, काय मोजतेस?
म्हणाली, नाव.

अकरा रेघा. एका तासात अकरा वेळा.
कुणाचं बोट दारात चेंगरलं, कुणाची गाडी सुरू होईना,
आणि दर वेळी तेच नाव,
थुंकल्यासारखं.
"हेच मी जोअ‍ॅनच्या कानात म्हटलं होतं," ती म्हणाली,
"शेवटच्या रात्री. बहिणीला दुसरं काही
ओळखू येत नव्हतं तेव्हा."

बाकीचं तिने सोसलं होतं.
परक्या बिछान्यांची दृश्यं आली की उठून
कॉफी टाकायला जायची.
त्या मालिकेपायी आम्ही फार कॉफी प्यालो.

मला राग आला, खोटं कशाला बोलू.
बारा वर्षं आम्ही दोघांनी डिटेक्टिव्ह रॅफर्टीला
म्हातारा होताना पाहिलं.
त्याची बायको वारली त्या रात्री
मार्लिसने ओव्हनमधलं जेवण जळू दिलं.
तो गाडीत झोपायचा, खोकत,
तर ही पडद्याला सांगायची,
अरे, कुणीतरी रजई द्या त्याला.
आणि शेवटचे सहा भाग उरलेले असताना
हा रुमाल.

निदान शेवट बघ, मी म्हटलं, मग सोड.
ती म्हणाली, शेवट बघून सोडलं
तर सोडलं काय, व्हर्लिन?

मी तळघरात गेलो.
फ्रीजरवर जुना छोटा टीव्ही, कानाला हेडफोन,
खाली हरणाच्या मांसाची पाकिटं,
आणि एकसष्टाव्या वर्षी मी,
गोठ्यामागे सिगारेट ओढणारं पोर.
वर तिची खुर्ची वाजायची.
पहिल्या गुरुवारी तिने बटणांचा डबा रंगांप्रमाणे लावला.
दुसऱ्या गुरुवारी जोअ‍ॅनच्या मुलाला पत्र लिहिलं,
जो फोन उचलत नाही.
तिसऱ्या गुरुवारी काहीच नाही.
जिन्यातून पाहिलं मी,
मोकळा तास पसरलेला, बिनकुंपणाचा,
आणि ती त्याच्या मधोमध,
हात मांडीवर ठेवून.

किराणा दुकानात डार्लाने तिला गाठलं,
सांगू का, कोण निघाला?
मार्लिसने कान झाकले, खरोखर, दोन्ही हातांनी,
अंड्यांचा ट्रे काखेत दाबून.
चार अंडी फुटली. तिने सगळ्यांचे पैसे दिले.

शेवटचा भाग मार्चअखेर झाला.
संपल्यावर मी उगाच फ्रीजर उघडला
आणि थोडा वेळ तोंडावर थंड हवा घेतली.
मग वर आलो.
दिवा मालवलेला. वाटलं, झोपली.
अंधारात कुजबुज चालू होती, नेहमीची यादी:
जोअ‍ॅनचा मुलगा, पाळकांचा गुडघा, पेरणी,
मग जरा थांबून,
"आणि रॅफर्टी. प्रभू, तो नाहीच आहे, मला माहीत आहे.
तरी."

मी आडवा झालो. पलंग करकरला.
बराच वेळ कुणी बोललं नाही.
मग भिंतीकडे तोंड करून ती म्हणाली,
खुनी कोण ते सांगू नकोस.
नाही सांगत.
एवढंच सांग,
त्याचा तो खोकला गेला का?

गेला, मी म्हटलं.
यात खोटं काही नव्हतं.