बोली

घसा बसणं काय असतं, मला कुणी सांगायला नको.
भाव बसताना मी रोज बघतो.
पण भाव उठतो, गुरुवारी नाही तर शनिवारी.
माझा घसा दिवाळीत बसला
तो होळी विझली तरी उठला नाही.

मार्केट यार्डात, कांद्याच्या गाळ्यावर,
सत्तावीस वर्षं मी बोली बोलतो.
अठराशे, अठराशे वीस, अठराशे चाळीस,
पार बटाट्याच्या लायनीपर्यंत जायचा आवाज.
आता विसाच्या पुढे उसवतो,
गोणीची शिवण उसवावी तसा.
तोलणार हसतात. शेठ हसत नाही.
त्याने गाडेकराच्या पोराला शेजारी उभं केलंय,
"शिकू दे जरा" म्हणून.

हळद-दूध झालं, ज्येष्ठमध झाला,
कंकोळ चघळून जीभ बधिर झाली.
थोरल्या भावाचंही असंच सुरू झालं होतं,
हे घरात कुणी बोलत नव्हतं.
सिंधू फक्त माझी तंबाखूची पुडी
रोज रात्री नव्या जागी लपवायची,
आणि मी रोज पहाटे ती शोधायचो नाही.

बिबवेवाडीत, दुसऱ्या मजल्यावर, डॉक्टर बेहेरे.
वय माझ्या धाकटीएवढं.
नाकात काही कडू फवारलं
आणि काळी दोरी आत सरकवली, सुतळीहून जराशी जाड.
"ईऽऽ म्हणा."
म्हटलं.
पडद्यावर एक ओलं दार मिटलं, उघडलं.
दोन पांढऱ्या पट्ट्या.
एवढ्याशा?
यांच्यावर मी दोन पोरींची लग्नं केली?

गाठ नाही, बाई म्हणाल्या. आधी तेच म्हणाल्या, बरं केलं.
मागची बाजू सुजलीय, लाल आहे,
पण लाल बऱ्याच कारणांनी होतं,
नुसत्या लालीवर शिक्का मारणार नाही.
मग कागद काढला. नऊ प्रश्न. शून्य ते पाच.

आवाज घोगरा?
पाच.
सारखं खाकरता?
"पाच. झोपेतसुद्धा," दारातून सिंधू.
घशात गोळा अडकल्यासारखा?
चार.
जेवून आडवं झाल्यावर खोकला?
तीन... नाही, चार करा.
सवयीनं मी चढवत गेलो,
समोर घेणारं कुणी नव्हतं.
छातीत जळजळ? आंबट ढेकर?
शून्य.
पेन थांबलं. "अजिबात नाही?"
आम्ही ठेचा खातो बाई. आमचं जळत नाही.

बेरीज तेवीस. तेराच्या वर गेलं की संशय.
एक वार, दोन वार, मी मनात म्हटलं,
माल माझ्याच नावावर पडला.

"रात्री जेवता कधी?"
पट्ट्या लिहून, हिशोब मिटवून, अकराला.
"झोपता?"
सव्वाअकरा. साडेतीनला उठायचं असतं.
"उठून?"
कोरा चहा. गाडी खाली होईस्तोवर आणखी दोन.
पोटातलं आंबट काहींना असंच वर येतं, म्हणाल्या,
छातीला पत्ता लागू न देता,
तुम्ही आडवे असताना.
म्हणजे नाक्यावर पावती न फाडता
रात्रीतून निघणारा टेम्पो, मी म्हटलं.
त्या हसल्या, पण कागदावर लिहिलं नाही.

"खात्री?"
नाकातून तार घालून चोवीस तास मोजता येतं. खर्च आहे.
आधी गोळ्या, लवकर जेवण, तंबाखू बंद,
दोन महिन्यांनी पुन्हा बघू.
उतार पडला तर बहुधा हेच.
बहुधा!
या शब्दावर मी आजवर एक गोणी विकली नाही.

आता पलंगाच्या उशाकडे दोन विटा आहेत.
सिंधू झोपेत घसरत पायथ्याशी जाते
आणि डॉक्टरला शिव्या देते.
संध्याकाळी सातला मी गाळ्यावरच डबा उघडतो,
कांद्याच्या ढिगाकडे पाठ करून.

ओरडायचं नाही, कुजबुजायचंही नाही.
गाडेकराचा पोरगा बोलतो. बरं बोलतो,
चाळिसाला घाई करतो एवढंच.
माझा आजा रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवायचा.
मी पोराचा हात उपरण्याखाली घेतो,
दोन बोटं दाबतो:
थांब. अजून येईल.