छप्पन्न तळवे

खोकं परत आलं तेव्हा
बाहेर उणे एकतीस होतं
आणि आत शेगडीपाशी सोलोंगो पाढे घोकत होती.

बात्सुखने ते दारातच टेकवलं. टोपी काढली नाही.
"तळवे सुटतात," म्हणाला, "अठ्ठावीसच्या अठ्ठावीस जोड.
या थंडीत दोरा काडीसारखा मोडतो."
चहा घेतला नाही.
उलानबातरच्या या टेकडीवर
चहाला नाही म्हणणं जवळजवळ शिवीच,
पण त्याला शिवी द्यायची नव्हती बिचाऱ्याला,
फक्त माझ्याकडे बघायचं नव्हतं.

दोरा मीच बदलला होता.
रिळामागे एका पावाचे पैसे वाचत होते.
हे मी कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते आहे.

माझा कारखाना म्हणजे हाच गोल तंबू:
जेवायचं ते कापायचं मेज,
झोपायची ती गोदामाची खाट,
रश्श्यात लोकर, लोकरीत रस्सा.
शेजारीण म्हणते, घरीच तर असतेस,
माझ्या धाकट्याला जरा बघ.
मी बघते. एका हाताने धाकटा, दुसऱ्या हाताने आरी.
घरी असणं आणि मोकळं असणं
यांतला फरक अजून कुणाला पटवता आलेला नाही.

नवरा दक्षिणेत कोळशाचा ट्रक हाकतो.
फोनवर म्हणाला, "सोड ना ते. दुकानात..."
पुढचं वाऱ्याने खाल्लं.
वाऱ्याचे उपकार.

बँकेचं कॅलेंडर भिंतीवर होतं.
जानेवारीत बर्फाचा डोंगर, खाली सोनेरी अक्षरांत
"थांबू नका, शिखर जवळ आहे."
कागद जाड होता, चांगला होता.
त्यावर अडतीस नंबरचा तळवा आखून कापला.
शिखर चवड्याकडे गेलं,
"थांबू नका" नेमकं टाचेखाली.
तेवढा उपयोग झाला त्याचा.

मग उसवायला बसले.
वरच्या आळीतली म्हातारी त्सेरेनदुलाम
उंटाच्या केसांचा दोरा वळते, तळहातावर, थुंकी लावून.
उधार दिला. म्हणाली, "फेडशील तेव्हा फेड,
पण एक ऐक. जुन्या भोकांतून सुई घालू नकोस.
मोह होईल. सुई सुळकन जाते,
बोटाला त्रास नाही, वाटतं काम झालं.
आणि नमदा तिथेच फाटतो.
शेजारी नवं भोक पाड."

शेजारी. म्हणजे गव्हाच्या दाण्याएवढं अंतर.
नमदा तिथे तसाच घट्ट, तसाच हट्टी,
माझ्या मागच्या सगळ्या टाक्यांची त्याला ओळखच नाही.
आरी रेटायची ती त्याच अंगठ्याने,
जो काल चिरला होता.

सोलोंगोने वहीत गुणाकार केला:
तळवे छप्पन्न, एकेकाला चौसष्ट टाके.
"तीन हजार पाचशे चौऱ्याऐंशी, आई."
मी म्हटलं, झोप.
आकडा मात्र जागाच राहिला, माझ्याबरोबर.

वीज गेली. आली. पुन्हा गेली.
शेगडीचं झाकण उघडं ठेवून त्या लाल उजेडात
मी बात्सुखला शिव्या दिल्या,
मग रिळाच्या दुकानदाराला,
मग, कुणी ऐकत नाही असं बघून, स्वतःला.
पहाटेपर्यंत अकरा जोड झाले.
त्यातला बाराव्या टाक्याचा एक तळवा वाकडा आहे.
तो मी तसाच ठेवला. डोळे मिटत होते.

एक जोड रात्रभर कुंपणावर टांगला होता.
सकाळी लाकडासारखा ताठ.
दोन्ही हातांनी ओढला, दातांनी ओढला,
मग पायांत घालून पाण्याची गाडी ढकलत
टाकीपर्यंत उतारावरून गेले.
घरात घालायच्या सपाता त्या, बर्फावरच्या नव्हेत.
टाका एकही हलला नाही.
मी मात्र पडले,
चांगली आपटले, पाणीवाल्या पोरासमोर.

पोरगा हसला. मग माझ्या पायांकडे बघून
विचारलं, "कुठे मिळतात?"
मी उठता उठता म्हटलं,
"थांब. अजून सतरा बाकी आहेत."