बॉनेटवरचे धागे

वंटमुरी घाटात तिसऱ्या वळणावर
काटा हलला.
नेमिनाथ काही बोलला नाही.
हीटर पूर्ण उघडला, काचा खाली घेतल्या,
एप्रिलची दुपार,
आणि इंजिनचा ताप अंगावर घेत
आम्ही दोघं वर चढलो,
आजारी पोराला कुशीत घेऊन बसल्यासारखे.

गाडी जुनी, दोन हजार एकची सिटी.
टर्बो हुबळीच्या भंगारातला.
त्याचा फ्लँज मी उद्यमबागेत लेथवर काढला,
दुसरी पाळी सुटल्यावर, मालकाच्या विजेवर.
ताकद वाढवायला दीड दिवस लागला.
ती उष्णता ठेवायची कुठं
हे कळायला आठ महिने.

रेडिएटर जाड घातला.
पंख्याभोवतीचं कडं बसलिंगनं
तेलाच्या डब्याचा पत्रा कापून केलं,
फूटपट्टी न घेता, बोटं मोजत.
मॅनिफोल्डला पट्टी गुंडाळली,
भिजवून, आवळून,
भाजलेल्या हाताला बांधतात तशी.
पहिल्या स्टार्टला तिनं असा धूर सोडला
की शेजारच्या फाउंड्रीतली माणसं,
जी दिवसभर वितळल्या लोखंडापाशी उभी असतात,
ती बादली घेऊन धावली.

मग कुणीतरी सांगितलं, बॉनेट मागून उचला.
बिजागरीखाली चार-चार वॉशर.
उभ्या गाडीत झकास,
काचेपाशी ऊन वाफ निघताना दिसायची.
पण ऐंशीच्या पुढं गेलं की काटा पुन्हा वर.
‘पळताना जास्ती तापूलालीय की ओ ही,’
नेमिनाथ म्हणाला.
तक्रार नव्हती ती.
कुणी भर पंगतीतून उठवल्यासारखा चेहरा.

सातेरीमामाचे वडगावात दोन माग.
गाडीतलं त्याला शून्य कळतं.
सगळं ऐकून घेतलं, तंबाखू मळली, म्हणाला,
‘वारं दिसंना, तर त्याला कायतरी नेसवा की.’
आणि निळ्या सुताची एक गुंडी दिली.

चाळीस धागे. बोटभर लांब.
जखमेवरच्या चिकटपट्टीनं ओळीत लावले.
पहाटे बाचीच्या रस्त्यावर
नेमिनाथ गाडीत, मी मोटरसायकलवर, शेजारून,
एक डोळा रस्त्यावर
आणि एक त्या निळ्या शेतावर.

नाकापाशी धागे आडवे, पत्र्याला चिकटून.
जरा मागं, रेडिएटरच्या पलीकडं,
ते उठले, थरथरले,
कुणीतरी वरून ओढत असल्यासारखे.
आणि काचेपाशी, मी दोनदा पाहिलं,
उलटे.
सगळे पुढं तोंड करून.
काचेवर आपटलेलं वारं माघारी फिरून
आम्हीच उचललेल्या फटीतून आत घुसत होतं.
पाव्हण्यांना बाहेर काढायला दार उघडावं
आणि त्याच दारानं आणखी चौघांनी आत यावं.

वॉशर काढले. भोकांच्या जागा
जिथं धागे उठले होते तिथं, खडूनं.
नेमिनाथनं ग्राइंडर उचलला, परत ठेवला.
हे बॉनेट त्याचे अण्णा रोज पुसायचे,
बँकेत निघण्याआधी, फाटक्या बनियननं,
नेहमी डावीकडून उजवीकडं.
‘तू काप,’ म्हणाला
आणि बाहेर जाऊन उभा राहिला,
रस्त्याकडं तोंड करून.

सहा फटी.
मी डावीकडूनच सुरुवात केली.

डिसेंबरात पुन्हा वंटमुरी.
तिसरं वळण, चौथं.
काटा मध्यावर, टाचणीनं टोचल्यागत.
आम्ही दोघंही त्याच्याकडं बघत नव्हतो,
म्हणजे दोघंही बघत होतो.

माथ्यावर चहाच्या गाड्यापाशी थांबलो.
थंडी अशी की कप धरवेना.
चहावाला म्हातारा कांबळं सावरत आला,
फटींवर तळवे धरले,
डोळे मिटले.
‘बिसी ऐति,’ म्हणाला,
आणि तिथंच राहिला.
नेमिनाथनं किल्ली फिरवायला घेतलेला हात
मागं घेतला.
इंजिन चालूच ठेवलं.

म्हाताऱ्याच्या करंगळीपाशी
काढायचा राहून गेलेला एक निळा धागा.
वारं नव्हतं.
तो सरळ उभा होता.