आठवी खुंटी

गिरासे सरांचा तंबू पिशवीत परत जाईना.
येताना याच पिशवीत होता, म्हणजे मावतो;
पण तोरणमाळला दोन रात्री काढून
त्याचंही काहीतरी वाढलं होतं.
कृपाली गुडघा टेकून दाबत होती, मी चेन ओढत होतो,
आणि बिबडी, अंगभर तीळ पेरलेली आमची कुत्री,
तलावाच्या काठाशी पाठमोरी बसलेली,
आमची कोणी नसल्यासारखी.

खुंट्या मोजल्या. सात.
पुन्हा मोजल्या, वर्गात मोजतो तशा मोठ्यानं.
सात.
आठ होत्या. देताना सरांनी
माझ्याच तोंडून मोजून घेतल्या होत्या.
दवानं भिजलेलं गवत हातांनी विंचरलं,
राखेत काडी फिरवली:
कालच्या भरताच्या वांग्याचं एक देठ निघालं.

"तूच ठोकली होतीस ती."
"काढली तुम्ही, पप्पा."
एवढ्यावर आम्ही घाट उतरलो.

तिसऱ्या वळणाला बिबडी ओकली,
चौथ्याला पुन्हा.
गाडी बाजूला घेऊन ओंजळीनं पाणी पाजलं.
खाली दरीत कुणाच्या तरी शेळ्या खोकत होत्या.
सागाची वाळकी पानं पडताना
इतका आवाज करायची, की दर वेळी तिचे कान उभे.

पहिल्या रात्री ती अशीच उभी होती
तंबूच्या तोंडाशी.
भुंकली नाही. नुसती उभी,
मानेपासून शेपटीपर्यंत एक रेघ केसांची, ताठ.
बाहेर काय होतं गं, बॅटरी हातात धरून विचारलं,
सकाळी चहा पिताना विचारलं.
काही गोष्टी कुत्री घरच्यांनाही सांगत नाहीत.

म्हसावदला टपरीवाला म्हणाला, "कथाईन उनात, भाऊ?"
आणि आमच्या कपड्यांचा धूर हुंगून
स्वतःच मान हलवली.
"कुत्रीले बी टोस देऊ का?"
त्यानं दिला. बिबडीनं बघितला.
मागच्या सीटखालून मात्र
ती काही केल्या निघेना.

शहाद्यापासून उसाच्या ट्रॅक्टरमागे.
पुढे पपयांचा ट्रक,
एकेक पपई वर्तमानपत्रात गुंडाळलेली.
त्यातलं एक पान सुटलं, येऊन काचेवर चिकटलं.
समोर रस्ता नाही, नुसती बातमी.
कृपालीनं ती वाचून काढली, मी ब्रेक दाबेपर्यंत:
"सुनेच्या तक्रारीवरून बोकड जप्त."
मग हसायला लागली, मलाही हसावं लागलं.
खुंटीचं भांडण तिथंच रस्त्याच्या कडेला उतरून गेलं.

प्रकाशाच्या पुलावर तापी,
दुपारच्या उन्हात घासून ठेवलेल्या परातीसारखी.
एवढं पाणी बघून बिबडी बारीक रडली.
तलाव मागे राहिला, आता ही नदी आहे,
हे तिला समजवायला
आमच्यापैकी कोणालाच नीट जमलं नाही.

मग नंदुरबारच्या अलीकडे मिरची.
एकरच्या एकर लाल, उन्हात पसरलेली.
बायका तोंडाला पदर बांधून ती फावड्यानं उलटत होत्या.
काचा बंद होत्या तरी बिबडी शिंकली.
मग कृपाली. मग मी, तीनदा.
गाव आलं की आमच्याकडे आधी नाकाला कळतं.

फाटक उघडल्याबरोबर ती सीटखालून सुटली,
तोंडात काहीतरी चकाकणारं, आडवं.
शेवग्याखाली गेली,
पुढच्या दोन्ही पायांनी माती उकरली,
खुंटी ठेवली, नाकानं बुजवली,
आणि वर बसली.
कृपालीनं माझ्याकडे बघितलं.
मी डिकीतून भांडी काढायला लागलो.

सोमवारी पिशवी परत केली.
"सात आहेत, सर. एक राहिली."
"कुठं?"
"तोरणमाळला," म्हणालो.
त्यांनी वहीत तसं लिहूनही घेतलं.

परवा रात्री वारा सुटला.
मागच्या दाराची कडी वाजली, पत्रे वाजले,
शेजाऱ्यांची बादली गल्लीभर फिरून आली.
बिबडी शेवग्याखालून उठली नाही.
घराची ती बाजू, मला वाटलं,
जरा कमी हलली.