अकरा नॉट

बॅलार्ड इस्टेट, चौथा मजला.
काल सही केली: 'शरयूमाला' यापुढे
चौदा नव्हे, अकरा नॉटनी धावेल.
रोजचं नऊ टन तेल वाचेल,
अहवालात हिरवा खांब बोटभर चढेल.

पहाटे कॅप्टन तांडेलांचा फोन:
"तीन दिवस उशिरा पोचू, साहेब.
आमच्या ऑइलरच्या बायकोचे दिवस भरलेत."

हा रकाना तक्त्यात नव्हता.

बाबा बोटीवरून परतले की
त्यांच्या नखांतलं काळं
आई रॉकेलनं काढायची, विचारायची,
एवढी कसली घाई असते हो तुमच्या बोटीला?

खिडकीखाली इंदिरा डॉक. क्रेन उभ्या.
मी ऑइलरचं नाव विचारलं.
मकबूल सोलकर.
कोलंबोला उतरवा त्याला, म्हटलं.
विमानाचा धूर
कुणाच्या खात्यात टाकायचा
ते उद्या बघू.