पाटल्या

मी मोटारी भरतो. सातपूरला, तीस वर्षं.
जळालेल्या कॉइलचा वास कपड्यांतून जात नाही,
म्हणून डॉक्टर "शॉक" म्हणाल्या
तेव्हा आधी तो वासच आला.

किती व्होल्ट, मी विचारलं. किती सेकंद.
न्यूट्रल कुठून घेता.
त्या हसल्या नाहीत. कागद ओढून सगळं सांगितलं:
भूल देतात, दातांत रबर, झटका तिला कळणारही नाही.
इतक्या खोल गेलेल्यांपैकी बऱ्याच जणांना उतार पडतो.
डोकं दुखेल. आठवणी पुसट होतील,
काही परत येतील. काही नाही.
कोणत्या, ते आधी सांगता येत नाही.

बेबीताई बाकावर बसली होती. बसवली तशी.
एकवीस दिवस तोंड उघडलं नव्हतं,
ना बोलायला, ना घासाला.
चमच्यानं पाणी पाजावं तर ओठांच्या कडेनं पदरावर.
नको म्हणायचं, तर तेही तिच्या वतीनं
मीच म्हणणार होतो.
फॉर्मवर "पुष्पलता" लिहिताना पेन अडलं;
दाजी गेल्यावर त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती.

एक दिवसाआड, पहाटे, गंगापूर रोडनं रिक्षा.
उपाशी ती, उपाशी मीही.
दाराच्या काचेतून एकदाच पाहिलं:
पावलाचा अंगठा थरथरला,
नवी भरलेली मोटार चाचणीला लावली की थरथरते तसा,
आणि मी सवयीनं श्वास धरून मोजू लागलो.
बत्तिसाला थांबलं.

चौथ्यानंतर म्हणाली, "चहात साखर कमी आहे."
मी पार्किंगमध्ये जाऊन रडलो.
सहाव्यानंतर मिसळ मागितली,
तांबट आळीच्या कोपऱ्यावरची, रस्सा वाढवून.

आता घरी आहे. गोळ्या चालू.
मेनरोडला गल्ली चुकते.
नातवाचं बारसं तिला फोटोतूनच माहीत.
आणि ते भांडणही गेलं:
वाइंडिंग मशीनसाठी तिच्या पाटल्या मी गहाण टाकल्या,
सोडवल्या नाहीत,
दोन वर्षं तिनं माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.
आता ताटातला पहिला पेढा मलाच.

कागदावर धोक्यांची यादी होती.
माझा हा फायदा त्यात नव्हता.

काल द्राक्षं धूत होती. मध्येच थांबून
मनगट चोळत म्हणाली,
"दिगू, इथं काहीतरी होतं ना रे?"

नळ चालू होता. मी बंद केला.
"होतं," म्हणालो. "बस जरा. सांगतो."