अर्धा ओहम

सोब्रालमध्ये सप्टेंबरच्या दुपारी पाना हातात धरवत नाही.
पत्र्याखाली माझं दुकान. समोर पेट्रोलपंप,
मागे कार्नाउबाचे ताड, त्यांच्या झावळ्या कोरड्या वाजतात,
कुणी जुनी बिलं चाळत असल्यासारख्या.
हे मी उजव्या कानाने सांगतेय.
डावा गेला, बावीस वर्षांत, थोडा थोडा.

क्लेब्सन आलाय. एकोणिसावं लागलंय त्याला.
गाडी बहिणीच्या नावावर. डिकीत दोन वूफर, पंधरा इंची,
आणि वीटभट्टीच्या सहा पगारांचा अँप्लिफायर,
अजून प्लॅस्टिकच्या पिशवीत.
"सगळं समांतर जोडा, दोना जोसेलिता. अर्धा ओहम.
एवेराल्दोची भिंत तशीच वाजते."

वाजते. मला माहीत आहे, माझ्या खिडक्यांना माहीत आहे.

मी त्याला डबा उलटा करून दाखवते.
तळाशी बारीक अक्षरात: कमीत कमी एक ओहम.
अरे, रोध निम्मा झाला की धार दुप्पट होते,
आणि ही बिचारी पेटी, हिला नाही म्हणता येत नाही,
मागेल त्याला देत सुटते,
बॅटरीकडून उसनं आणून, स्वतःचं कातडं तापवून देते.
नाही म्हणायचं काम तारेचं आहे. कॉइलचं आहे.
आज माझं आहे.

तो मोबाइल बघतो.

मग मी त्याला काजूंचं सांगते.
तेव्हा मी नवी होते, गिऱ्हाईक म्हणेल ते जोडायची.
विल्तोनची पिकअप, मेरुओकाच्या चढावर,
फ्यूज बॅटरीपासून हातभर दूर, वायर करंगळीहून बारीक,
जमिनीची तार रंगावरच आवळलेली. माझ्या हाताने.
माणसं उतरली सगळी, कुणाला काही झालं नाही.
मागे काजूची तीन पोती होती.
अख्ख्या घाटात भाजक्या काजूंचा वास,
लोक हसत होते, एका म्हातारीने परकरात गोळा करून नेले.
मी अजून काजू खात नाही.

म्हणून आधी रंग खरवड. उघडं पत्र्याचं अंग दिसू दे.
जाड तार. फ्यूज बॅटरीच्या कुशीत, वीतभरही लांब नको.
दोन-दोन ओहमच्या कॉइली, प्रत्येक वूफरमधल्या,
एकीमागे एक, रांगेत: झाले चार.
मग दोन्ही वूफर शेजारी शेजारी: दोन.
मीटर एक पूर्णांक आठ दाखवतं.
एवढा फरक मी देवालाही माफ करते.

"दोनच?" त्याचा चेहरा
लग्नात भात कमी वाढल्यासारखा.
दोनच. गेन पण इथपर्यंतच, खडूची खूण केलीय.
आवाज चिरकला की समज, पेटी रडतेय, गात नाहीये.
आणि इंजिन बंद ठेवून वाजवायचं नाही.
पैसे पुढच्या महिन्यात दे.

शनिवारी रात्री पंपावर सगळे जमले.
क्लेब्सन वाजला, बरा वाजला. मग एवेराल्दोने भिंत उघडली.
काय सांगू. माझ्या मेलेल्या कानात
काहीतरी हललं, दाराला आतून कुणी खांदा द्यावा तसं.
पोरं ओरडली. क्लेब्सनने डिकी हळूच लावून घेतली.

मी पलंगावर बसून राहिले, नाक खिडकीकडे करून,
तापलेल्या लाखेचा तो गोडसर वास येईल म्हणून.
एक वाजला. तीन वाजले. पहाटे गाढवं ओरडली.

नाही आला.
कधीकधी नाहीच जळत काही.
आणि हेच मला कुणाला शिकवता येत नाही.

सोमवारी तो आला, तोंड फुगवून. बोलला नाही.
मी डिकीत हात घातला, पेटीवर तळवा ठेवला.
कोमट.
त्याचाही हात ओढून तिथे ठेवला,
आणि थोडा वेळ तसाच धरून ठेवला.